मेंबर कुठे राहतो?

आमच्या ऑफिसात दुपारच्या चहाला गेल्या काही वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कोण म्हणालं तेही आठवत नाही. "नगरसेवक नव्हते तेव्हाच बरं होतं यार, निदान कामं तरी व्हायची." म्हणणारे सगळे माझ्यासारखेच. पंचविशी ते पस्तिशीतले, इंजिनिअर, अंधेरीत नोकरी आणि बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला घर.

७ मार्च २०२२ ला मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं महापौर नाही, स्थायी समिती नाही, २२७ पैकी एकही नगरसेवक नाही. कारभार प्रशासकाच्या सहीनं. २०२५-२६ चा अर्थसंकल्प होता ७४ हजार ४२७ कोटींचा. तो मांडला प्रशासनानं, मंजूरही केला प्रशासनानंच. आणि आमच्या चहाच्या टेबलावर कुणालाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्या वाक्याशी मला भांडायचंय. थोडं स्वतःशीही, पण ते नंतर येईल.

माझी आजी दादरला जायचं असलं की अजून "मुंबईला जाऊन येते" म्हणते. आम्ही हसायचो. घाटकोपर काय मुंबईबाहेर आहे का? पण कागदोपत्री ती तिच्या लहानपणापुरती बरोबर होती. साष्टी बेटाचा दक्षिण भाग १९२० साली ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला. त्या जिल्ह्यातल्या गावांच्या आपापल्या नगरपालिका होत्या. वांद्र्याची तर १८७६ पासूनची. कुर्ल्याची वेगळी, पार्ले-अंधेरीची वेगळी आणि आमची घाटकोपर-किरोळ. एप्रिल १९५० मध्ये मुंबईची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि इकडे भांडुपपर्यंत सरकली, तेव्हा त्या विरघळल्या. १९५७ मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडला पोचली. किरोळ हे नाव आता एका रस्त्याच्या पाटीवर तेवढं उरलंय. पालिकेच्या हिशेबात माझ्या गावाचं नाव 'एन' आहे. मुलुंड 'टी', बोरिवली 'आर मध्य', अंधेरीचे 'के पूर्व' आणि 'के पश्चिम' असे दोन तुकडे. मी कोडमध्ये एखाद्या गोष्टीला 'एन' असं नाव दिलं तर रिव्ह्यू करणारा सीनियर ते परत पाठवतो. नावावरून काही कळत नाही म्हणतो.

त्या छोट्या पालिका करायच्या काय? १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा त्यांच्या कामांची यादी देतो. रस्त्यावर दिवे लावणं, रस्ते झाडणं, गटारं, सार्वजनिक संडास, देवी टोचणं, जन्म-मृत्यूची नोंद, स्मशानं, आग विझवणं, प्राथमिक शाळा. पैसा घरपट्टीतून, सफाईच्या पट्टीतून, काही ठिकाणी जकातीतून. डोक्यावर कलेक्टर बसलेला. इतका बारीक कारभार की आज कुणी त्यावर वेबसीरिज काढणार नाही. कोपऱ्यावरचा दिवा, कुणाची घरपट्टी जास्त लागली म्हणून आलेला अर्ज, शाळेचं गळकं छप्पर. पण हे विषय एका खोलीत मांडले जायचे, त्यावर ठराव व्हायचा, तो वहीत लिहिला जायचा. आजीला त्या काळातलं फार आठवत नाही. १९५० ला ती बारा वर्षांची होती. एक गोष्ट मात्र ती हमखास सांगते. तिचे वडील गटार तुंबलं की 'मेंबर'च्या घरी जायचे. ऑफिसात नाही, घरी, सकाळी, तो ओट्यावर दात घासत असताना. कारण तेच गटार पुढे त्याच्याही दारावरून जायचं.

इथं थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख 'आमच्या वेळी' छापाचा होईल. आणि माझी तर ती वेळही नव्हती. त्या पालिकांत मताचा अधिकार मालमत्ता आणि कर यांना बांधलेला होता. ज्याच्या ओट्यावर जाऊन बोलता यायचं तो मेंबर बहुतेकदा घरमालक, व्यापारी किंवा वकील असायचा. जे रस्ते झाडायचे आणि मैला वाहायचे त्यांना त्या ओट्यावर चढताही आलं नसतं. मुंबईत प्रौढ मताधिकारानं पालिकेची पहिली निवडणूक झाली १९४८ ला. म्हणजे आमच्या गावाला १९५० साली मोठ्या शहरासोबत सगळ्यांचं मत मिळालं आणि त्याच दिवशी स्वतःचं सभागृह गेलं. हा सौदा निव्वळ तोट्याचा होता असं मी म्हणणार नाही.

लहान पालिका म्हणजे आपोआप चांगली पालिका नव्हे, हे महाराष्ट्राला सांगायला नको. महाडचं उदाहरण आहे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये त्यानुसार आपला ठराव केला आणि चवदार तळं खुलं केलं. अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस. ठराव झाला, वहीत गेला, आणि तळ्यावर काहीच बदललं नाही. तीन वर्षं. मग २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांच्यावर हल्ले झाले. ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण कोर्टात दहा वर्षं चाललं आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल सत्याग्रहींच्या बाजूनं लागला.

या गोष्टीत पालिका नायक नाही. तिनं धीर केला आणि मग कच खाल्ली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत आंबेडकरांनी खेड्यांच्या स्वायत्ततेचे गोडवे गाणाऱ्यांना झोडपलं ते अशाच अनुभवातून. छोट्या गावातली सत्ता गावातल्या दांडग्यांच्या हाती जाते, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात मजबूत मुद्दा हाच आहे आणि तो मला चहाच्या टेबलावर कुणी ऐकवला नाही, म्हणून मीच मांडतोय.

पण महाडकडे पुन्हा बघा. तळ्याकडे निघालेल्या लोकांच्या हातात काय होतं? नगरपालिकेचा ठराव होता. तारखेसह, जाहीर. आम्ही मागत नाही, तुम्हीच दिलेलं घ्यायला निघालोय, असं म्हणता येत होतं. आणि पालिकेनं माघार घेतली तीही ठरावानंच घेतली. म्हणून त्या अन्यायाला तारीख आहे. शंभर वर्षांनी मी घाटकोपरला लोकलमध्ये उभा राहून सांगू शकतो की ४ ऑगस्टला महाडच्या पालिकेनं शेपूट घातली. गेल्या चार वर्षांत माझ्या प्रभागाबद्दल वाईट किंवा चांगलं काय ठरलं, कुणी विरोध केला, कुणी गप्प बसलं, हे मला तसं सांगता येईल का? विरोध करायला खोलीत कुणी निवडून आलेलं नव्हतंच.

महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत होते, तेही निवडून आलेले नव्हे, सरकारनं नेमलेले. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या सजावटीवर हजार रुपये खर्च करायचा विषय आला तेव्हा बत्तीस सदस्यांत विरोधी मत देणारे ते एकटे. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. ते हरले. पण हरलेलं मत आपल्यापर्यंत पोचलं, कारण मत द्यायला लागत होतं.

आता स्वतःशी भांडण.

मी एका कंपनीत तक्रार-निवारणाची सिस्टीम बनवणाऱ्या टीममध्ये होतो. ग्राहक परदेशी, त्याचा शहराच्या कारभाराशी काही संबंध नाही. त्यात मी एक नियम लिहिला. तक्रारदाराला आमच्याकडून प्रश्न गेला आणि ७२ तासांत उत्तर आलं नाही, तर तक्रार आपोआप 'निवारण झाले' या खान्यात जाईल. डॅशबोर्ड पंधरा दिवसांत लालचा हिरवा झाला. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला बोलू, मलाही भारी वाटलं. पुढे एकदा दुसराच बग शोधताना मला एक माणूस दिसला. एकाच तक्रारीसाठी नऊ वेळा आलेला. नऊही वेळा तक्रार बंद. आमच्या हिशेबात ती नऊ निवारणं होती. त्या माणसानं सिस्टीमला जितका जास्त त्रास दिला तितका आमचा आकडा सुधारला होता. नियम नंतर बदलला, पण टाळ्या काही कुणी परत घेतल्या नाहीत.

तेव्हापासून "कामं तरी व्हायची" हे ऐकलं की मी विचारतो, कुठल्या डॅशबोर्डवर? काम झालं की नाही हे सांगणाराही काम करणाराच असेल, तर कामं नेहमी होतच असतात.

नगरसेवक टक्केवारी खातात, होर्डिंगवर वाढदिवस साजरे करतात, निवडून आल्यावर दिसत नाहीत. सगळं मान्य. यादीत मीही चार गोष्टी घालीन. पण आमच्या धंद्यात टेस्टरही कामचुकार असतात. त्यावर उपाय म्हणून टेस्टिंगच बंद केलं तर बगची संख्या त्याच दिवशी शून्यावर येते. हे करणाऱ्या कंपनीचं ॲप तुम्ही वापराल का? सभागृह गेलं म्हणून कंत्राटं गेली नाहीत. कंत्राटावर भर सभेत प्रश्न विचारायची सोय गेली.

आणि सभागृह आलं तरी आमच्या गावाचं काय, हा प्रश्न उरतोच. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत एक कोटी चोवीस लाख लोक. २२७ नं भागा. एका नगरसेवकामागे जवळजवळ पंचावन्न हजार. सभा भरते ती फोर्टात, सीएसएमटीसमोर. कायदा १८८८ चा, त्यात अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. आपण ज्याला मत देतो त्याच्या हातात कारभार नाही, आणि ज्याच्या हातात कारभार आहे त्याला आपण मत देत नाही. हे चार वर्षांच्या आधीही खरं होतं, आत्ताही आहे.

एवढ्या मोठ्या शहरात दुसरं काय करणार, असं लगेच म्हणू नका. लंडन शहर एक आहे, पण १९६५ पासून त्यात ३२ बरो आहेत आणि प्रत्येकाची निवडून आलेली कौन्सिल आहे. टोकियोच्या २३ प्रभागांना आपापला निवडून आलेला महापौर आणि सभा आहे. तिथं पाण्याचं जाळं मोठ्या पातळीवर सांभाळतात आणि कोपऱ्यावरची बाग बागेजवळचे लोक सांभाळतात. कुठल्याही बऱ्या सिस्टीमचं डिझाइन असंच असतं, सगळ्या रिक्वेस्ट एकाच सर्व्हरवर नेत नाहीत.

पाण्यासाठी एकत्र येणं गरजेचं होतं हे मला पटतं. घाटकोपर-किरोळ पालिकेनं स्वतःच्या जिवावर वैतरणेवर धरण बांधलं नसतं. पण हिशेब दोन्ही बाजूंनी लिहा. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही साष्टीत. आम्ही मुंबईत जायच्या कितीतरी आधीपासून मुंबई आमच्या डोंगरातलं पाणी पीत होती. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारला पडतोय, तेव्हा देवनारही शहरात नव्हतं. मुलुंड १९५७ ला शहरात आलं आणि दहा वर्षांत त्यालाही डम्पिंग ग्राउंड मिळालं.

अंबरनाथ आणि बदलापूरला आजही नगरपरिषदा आहेत, आणि तिथं स्वर्ग उतरलेला नाही हे सकाळची गाडी पकडणारा कुणीही सांगेल. तिथंही कित्येक वर्षं निवडणुकीविना प्रशासकच होते. म्हणून 'घाटकोपर नगरपालिका परत द्या' अशी मागणी मी करत नाही. मला कागदावर असलेलीच एक गोष्ट हवी आहे. २००९ साली राज्यानं कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे प्रभागातल्या मतदारांनी आपल्या भागातच बसायचं आणि आपल्या भागातली कामं ठरवायची. ती भरलेली मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही. महाडचा ठराव तीन वर्षं पडून होता. हा सतरा वर्षं झाला पडून आहे.

१५ जानेवारीला मत देऊन घरी आलो तर आजीनं बोटावरची शाई बघितली आणि विचारलं, "मेंबर कुठे राहतो?" मला माहीत नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, एकशे साठ जणांत कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी उमेदवारीच्या प्रतिज्ञापत्रात पत्ता सापडला. आमच्या घरापासून चालत बावीस मिनिटं. सोसायटीतले सात जण येत्या रविवारी सकाळी माझ्याबरोबर यायला तयार आहेत. त्यातला एक चहाच्या टेबलावरचा आहे. अर्ज आजीनं सांगितला आणि मी लिहिला. क्षेत्रसभा कधी बोलावणार, एवढाच प्रश्न आहे, आणि खाली पोच घेण्यासाठी जागा सोडली आहे.