म्हातारपणाची तालीम

रमजानचा चाँद दिसला की मशिदीत तरावीहच्या रांगा भरतात आणि त्या रांगांच्या टोकाला प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. पूर्वी एखाददुसरी खुर्ची असे. आता अनेक मशिदींत खुर्च्यांची वेगळी रांगच झाली आहे. वीस रकअत उभे राहून पढणे ज्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही, सजद्यातून उठताना ज्यांना शेजाऱ्याचा हात लागतो, अशा बुजुर्गांची ही रांग. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून नमाज पढावी, तेही जमत नसेल तर पडून इशाऱ्याने पढावी, ही सवलत शरीयतनेच दिलेली आहे. तेव्हा खुर्चीबद्दल कुणी नाक मुरडण्याचे कारण नाही. तरीही मोहल्ल्याने स्वतःला एक प्रश्न विचारायला हरकत नसावी. यातल्या किती जणांना वयाने खुर्चीवर बसवले आणि किती जणांना नुसत्या थांबलेल्या हालचालीने?

खुर्चीवरचे लोक निदान मशिदीपर्यंत पोहोचलेले असतात. ज्यांना दारातल्या चार पायऱ्या चढता येत नाहीत, ज्यांच्या तीनचाकी सायकलला वुजूखान्यापर्यंत वाट नाही, ते कुणाच्या मोजदादीतच येत नाहीत. घरातल्या वयस्क बायका तर कुठल्याच रांगेत दिसत नाहीत. सोलापुरात आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून विड्या वळलेली दादी, मालेगावात किंवा भिवंडीत बारा-बारा तास मागासमोर उभा राहिलेला यंत्रमाग कामगार, यांच्या कंबरेवर आणि गुडघ्यांवर घरे चालली. साठीनंतर तीच कंबर आणि तेच गुडघे त्यांना उंबऱ्याच्या आत बसवून ठेवतात.

रमजान हा हिशेबाचाही महिना आहे. जकातीचा चाळिसावा हिस्सा याच महिन्यात काढण्याची पद्धत आहे, फित्रा ईदच्या नमाजेआधी द्यायचा असतो, सदका-खैरात वर्षभर चालत असली तरी हात सैल सुटतो तो याच दिवसांत. पावतीपुस्तके घेऊन फिरणारे मदरशांचे सफीर, रेशनच्या पिशव्या भरणारी तरुण मंडळे, मुलींच्या लग्नाला मदत करणारे ट्रस्ट, दवाखान्याची बिले भागवणाऱ्या कमिट्या. मोहल्ल्याचा हा सगळा अर्थसंकल्प तीस दिवसांत मांडला जातो. यात बुजुर्ग आणि दिव्यांग नसतात असे नाही. त्यांना व्हीलचेअर मिळते, काठी मिळते, कानाचे यंत्र मिळते, वाटपाचा फोटोही निघतो. पण ती चेअर ज्या गल्लीतून न्यायची तिथे उघडी गटारे आहेत आणि ती ढकलणारे हात दिवसभर कामावर आहेत, हे वाटपाच्या दिवशी कुणी विचारत नाही. चाक मोडले तर दुरुस्तीला पैसे कुठून येणार, हेही नाही. वस्तू देऊन झाली की देणाऱ्याचे काम संपते. घेणाऱ्याची हालचाल मात्र तिथून सुरू व्हायची असते.

त्यासाठी पैसा मागितला तर लोक चमकतात. व्यायाम म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो वातानुकूलित जिममधला दंड फुगवलेला तरुण. बुजुर्गांना कसली आली कसरत, त्यांनी तस्बीह घेऊन बसावे, असे प्रेमानेच म्हटले जाते.

इथे एका शब्दाकडे वळून पाहावे. ‘तालीम’ हा शब्द उर्दूत शिक्षणासाठी आहे आणि मराठीत आखाड्यासाठी. मूळ अरबी शब्द शिकवण्याचा. तो महाराष्ट्राच्या मातीत आला आणि लाल मातीचाच झाला. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे. बाबूजमालसारख्या तालमीत मोहरमला पंजे बसतात आणि गणपतीही बसतो. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागचे मैदान उभे केले आणि मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी बोर्डिंगलाही हात दिला. म्हणजे तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांच्या खजिन्यातून पोसले गेले. खजिन्याखेरीज पेठ होतीच. पैलवानाचे दूध, तूप, बदाम, त्याचा खुराक वर्गणीतून जाई आणि त्याला कुणी चैन म्हणत नसे. पैलवान जिंकला की पेठेची मान उंच होई, एवढा मोबदला पुरेसा वाटे. एका तरुणाच्या शरीरावर सगळ्यांनी मिळून खर्च करायचा, ही रीत या भूमीत जुनीच आहे. तिला वयाची आणि धडधाकटपणाची अट कधी लागली, ते कळलेच नाही.

अनुदानाचा पैसा एका दिव्यांग शरीराला कुठवर नेऊ शकतो, याचे उदाहरण कोल्हापूरच्या शेजारीच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध खेळत. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचे बळ गेले. पाण्यात ते उतरले ते उपचार म्हणून. पुढे १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी आणले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. त्या प्रवासाच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचा हातभार होता. पदक सगळ्यांच्या लक्षात राहते, तिकिटाचे पैसे आणि त्याआधीचा तलाव मात्र विसरला जातो. प्रत्येक जखमी माणूस पेटकर होणार नाही, व्हायची गरजही नाही. न्हाणीघरापर्यंत स्वतःच्या पायांनी किंवा स्वतःच्या हातांनी चाक फिरवत जाता आले, तरी त्या घराला ते पदकच.

बुजुर्गांना नेमके काय लागते, यात फार गूढ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये शारीरिक हालचालींविषयी नव्याने मार्गदर्शन केले. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि ६५ वर्षांपुढच्यांनी त्यात किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम घ्यावेत, असे ते सांगते. दिव्यांगांसाठी वेगळ्या शिफारशी त्यात प्रथमच आल्या. मोहल्ल्याच्या भाषेत याचा अर्थ असा: हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला बोट लावून एका पायावर उभे राहणे, फरशीच्या रेषेवर टाचेला चवडा लावत चालणे, पाण्याने भरलेली बाटली खांद्यापर्यंत उचलणे. व्हीलचेअरवरच्या माणसाला खांदे आणि दंड बळकट करावे लागतात, शिवाय दर थोड्या वेळाने शरीराचा भार उचलून हलवावा लागतो, नाहीतर बसल्या जागी जखमा होतात. अंध व्यक्तीला चालायला सोबती किंवा ताणलेली दोरी पुरते. कर्णबधिराला समोरून करून दाखवणारा हवा. यंत्र कशालाच लागत नाही. लागतो तो शिकवणारा माणूस, निसरडी नसलेली जागा आणि तिथवर न्यायला एखादी रिक्षा.

नेमक्या याच तीन गोष्टींवर अनुदान खर्च होत नाही. बागांमध्ये लोकप्रतिनिधींच्या निधीतून खुल्या व्यायामशाळा आल्या, त्यांचे स्वागतच आहे. पण त्यांतली बहुतेक यंत्रे दोन्ही पाय शाबूत असलेल्या माणसासाठी घडवलेली असतात, चाकाची खुर्ची जवळ नेता येईल असा पक्का रस्ता क्वचित असतो आणि कुणाला कोणते यंत्र चालेल हे सांगणारे तिथे कुणीच नसते. गुडघ्याची झीज झालेली आजी त्यावर चढली आणि पडली, तर दोष आजीला. लोखंड बसवल्याचा फलक लावता येतो. प्रशिक्षकाच्या दरमहा मानधनाचा फलक कसा लावणार?

सरकारी पैसाही अजिबात नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत आणि खेळ व मनोरंजन हा हक्क म्हणून धरलेला आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून खर्च करायचा आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून गरीब ज्येष्ठांना साहाय्यक साधने देते. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४मध्ये आली. ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्न गटातल्या ज्येष्ठांना चष्मा, काठी, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी तीन हजार रुपये थेट खात्यात देण्याची तिची तरतूद आहे. मोहल्ल्यातल्या किती बुजुर्गांनी तिचा अर्ज भरला? किती दिव्यांगांकडे यूडीआयडी कार्ड आहे? ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे जाऊन पाच टक्क्यांचा हिशेब मागणारे किती? रमजानात चार तरुणांनी इफ्तारनंतर तासभर बसून ही कागदपत्रे पुरी करून दिली, तर तेही देणेच आहे, आणि त्याला खिशातून दमडी लागत नाही.

मग मोहल्ल्याच्या स्वतःच्या पैशाचे काय? इथे एक अडचण येते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. जकात कुणाला द्यायची, याचे आठ वर्ग कुरआनने सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत. हनफी फिकहप्रमाणे ती रक्कम किंवा वस्तू हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, त्याला तमलीक म्हणतात. म्हणून जकातीच्या पैशातून मशिदीचा रॅम्प बांधता येत नाही, हॉलचे भाडे किंवा प्रशिक्षकाचा पगार भागवता येत नाही. पण हकदार गरीब बुजुर्गाच्या हाती फिजिओथेरपीची फी देता येते, त्याला चाकाची खुर्ची मालकीची करून देता येते, तिच्या दुरुस्तीचे पैसेही देता येतात. रॅम्प, कठडा, जागा, मानधन यांसाठी लिल्लाह म्हणजे ऐच्छिक दानाची रक्कम वापरावी लागेल. ट्रस्टने पावतीपुस्तके दोन ठेवावीत, तपशील आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावेत. हा भेद सांभाळणे अवघड नाही. अनेक मदरसे तो वर्षानुवर्षे सांभाळत आले आहेत.

रक्कमही डोळे विस्फारणारी नाही. शंभर घरांनी महिन्याला पन्नास रुपये काढले तर पाच हजार होतात. त्यात आठवड्यातून तीन सकाळी तासभर येणारी, शिकलेली एखादी मोहल्ल्यातलीच मुलगी बोलावता येईल. उर्दू शाळेचा हॉल सकाळी सातला रिकामाच असतो. बायकांची वेळ वेगळी ठेवावी, कारण बागेत चार लोकांसमोर हात-पाय हलवायला ज्या आयुष्यात कधी गेल्या नाहीत, त्या पंचाहत्तरीत जाणार नाहीत. त्यांना बंद दार आणि ओळखीच्या चार मैत्रिणी मिळाल्या तर त्या येतात, गप्पाही मारतात, आणि एकटेपणाचे अर्धे दुखणे व्यायामाआधीच हलके होते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की ज्या घरात पीठ नाही तिथे कसरतीचे काय कौतुक? आक्षेप खरा आहे, आणि रेशनची पिशवी आधी हेही खरे. पण गरीब घरात म्हातारा माणूस ओल्या न्हाणीत घसरून पडतो आणि त्याचे खुब्याचे हाड मोडते, तेव्हा काय होते ते पाहावे. शस्त्रक्रियेसाठी कर्ज निघते. सून विड्यांचे काम सोडून घरी बसते. मुलाचे मागावरचे खाडे वाढतात. पुढच्या रमजानात तेच घर रेशनच्या यादीत येते. शंभर पिशव्यांच्या यादीत अशी घरे किती आहेत, हे कमिट्यांनी एकदा तपासावे. पडणे प्रत्येक वेळी टळेल असे कुणी सांगू नये. पण पायांत बळ आणि तोल असला तर त्याची शक्यता कमी होते, हे वैद्यकाने पुरेसे दाखवले आहे.

ज्यांना वयामुळे किंवा कायमच्या आजारामुळे रोजे ठेवता येत नाहीत त्यांच्यासाठी फिदिया आहे. रोज एका गरिबाला जेवू घातले की त्यांची जबाबदारी पार पडते. पण घर सहेरीला उठलेले असताना आपण एकटेच अंथरुणात, ही सल त्याने जात नाही. अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम यांची आठवण या महिन्यात निघतेच. हजरत बिलाल यांची अजान रात्र शिल्लक असताना होई, आणि फजरची अजान इब्न उम्मे मकतूम देत. ती ऐकून मदिनेचे रोजेदार खाण्यावरून हात उचलत. पहाट झाल्याचे त्यांना लोक सांगत. म्हणजे डोळे इतरांचे आणि आवाज त्यांचा. त्यांना कुणी कोपऱ्यात बसवून ताट आणून दिले नाही, सगळ्या शहराचा रोजा त्यांच्या आवाजावर सुरू होई. प्रेषितांनी (स.) मदिनेबाहेर जाताना शहराची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली होती.

रमजानातच वर्ग सुरू करण्याची घाई मात्र नको. उपाशीपोटी, विशेषतः मधुमेह आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी, नवा व्यायाम अंगावर घेऊ नये. डॉक्टरांना विचारून, इफ्तारनंतर थोडे चालणे एवढे पुरे. या दिवसांत करायचे ते मोजणीचे काम. मशिदीतल्या खुर्च्या किती, न येणारे किती, कुणाच्या दारात पायरी आहे, कुणाची चेअर मोडून पडली आहे, कुणाला घरातून बाहेर पडून किती महिने झाले. सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत कमिटीच्या हाती ही यादी आली, तर दुसऱ्या पावतीपुस्तकावर काय लिहायचे ते आपोआप ठरेल. आणि ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी उर्दू शाळेचा हॉल उघडायचा झाला तर त्याची किल्ली कुणाकडे असते, तेही आताच विचारून ठेवावे. हेडमास्तर सुटीत गावी जातात.