कुमुदांच्या तळ्याकाठचं गाव

चेन्नईला गेलात की मरीना किनारा पाहताच. त्याला लागूनच तिरुवल्लिकेणी आहे. तमिळमध्ये ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘अल्लि’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळं. इंग्रजांनी त्याचं ‘ट्रिप्लिकेन’ करून टाकलं. इथल्या पल्लवकालीन पार्थसारथी मंदिरातला कृष्ण चक्क मिशीवाला आहे! अर्जुनाचा सारथी म्हणून त्याच्या हाती शंख आहे, पण चक्र नाही.

पूर्वी हे मद्रासच्या वेशीबाहेरचं खेडं होतं. १६७६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीकडून वर्षाला ५० पॅगोडा, म्हणजे आपले होन, देऊन भाड्याने घेतलं. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयासाठी या भागात आले होते. पुढे शहर वाढलं आणि हे खेडं त्याच्या पोटात गेलं.

१६८८ मध्ये मद्रासला महापालिका मिळाली, भारतातली पहिली. कंपनीचा हिशेब सरळ होता. किल्ल्यातून हुकूम सोडला तर लोक कर द्यायला कुरकुर करतात. त्यांचीच माणसं कारभारात घेतली तर खुशीने देतील. म्हणून सभेत इंग्रजांबरोबर स्थानिक लोकही घेतले. तरीही लोकांनी नव्या करांना विरोध केलाच!

आपल्यासाठी खरी गंमत पुढे आहे. स्वातंत्र्यचळवळीत तिरुवल्लिकेणीजवळच्या वाळूवर सभा भरत. त्या जागेला नाव पडलं ‘टिळक घाट’. टिळकांना मानणारे महाकवी सुब्रमण्य भारती याच वस्तीत राहत.

पण एवढ्या जुन्या महापालिकेत १९७३ ते १९९६ अशी तब्बल २३ वर्षं लोकांनी निवडलेली सभाच नव्हती. २०१६ ते २०२२ या काळातही तेच झालं. कारभार अधिकाऱ्यांनी चालवला. कचरा उचलला जात होता, दिवे लागत होते. पण गल्लीतलं गटार तुंबलं तर ज्याला हक्काने विचारावं, तो नगरसेवकच नव्हता. मुंबईकरांनो, २०२२ नंतर तुम्हीही हे अनुभवलं आहे.

२०२२ मध्ये चेन्नईत २०० प्रभाग आणि १५ विभाग होते. तिरुवल्लिकेणी तेव्हा तेनामपेट्टै विभागात येत होती.

आता तुमची पाळी. तुमचा प्रभाग क्रमांक किती? नगरसेवक कोण? आज रात्री जेवताना घरात विचारून बघा. उत्तर आधी आजोबा देतात की नातवंडं, तेही कळेल!