कणसरी पुस्तकात कुठंय?

तुमच्या कॉलेजच्या भिंतीवर, फेस्टच्या बॅनरवर, नाहीतर तुमच्या कुर्त्यावर वारली चित्र असणारच. त्या चित्रांचं मूळ आहे लग्नघरातल्या चौकात. त्या चौकाच्या मधोमध जी देवी असते, तिचं नाव सांगता येईल?

पालघाट. तिचा चौक लिहिल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही. आणि ते लग्न लावते धवलेरी, म्हणजे एक बाई!

नाही ना सांगता आलं? तुमचा दोष नाही. शाळेत कुणी शिकवलंच नाही.

आता डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या गावातलं पहिलीतलं पोर डोळ्यांसमोर आणा. घरी कणसरी, धान्याची देवी. रानात वाघदेव. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा. शेजारच्या तलासरीत चर्चला जाणारी आदिवासी कुटुंबं आहेत. घोलवडकडे चिकूच्या वाड्या करणारे इराणी-पारशी आहेत. दोन तालुक्यांत इतकी जगं!

‘शाळेत धर्म शिकवावा का’ या वादात मात्र दोनच आवाज येतात. एक म्हणतो, आमचा ग्रंथ शिकवा. दुसरा म्हणतो, धर्माचं नावच नको. हे पोर दोन्हींत बसत नाही. त्याचा देव पोथीत नाही, गाण्यात आहे. आणि धर्माचं नाव काढायचं नाही असं ठरवलं, तरी शाळा कुठे गप्प बसते? प्रार्थना असते, भिंतीवर फोटो असतात, सण होतात. त्यात आपल्या घरचं काहीच नाही, हे सहा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. घरचं ते मागासलेलं, असं मनात बसतं. पुढे ते कॉलेजात तुमच्याच बाकावर येतं आणि आपल्या देवाचं नाव घेत नाही.

संविधानाचं कलम २८ स्पष्ट आहे: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हा फरक केला होता. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानेही तो मान्य केला. ‘हात जोडा’ म्हणायचं नाही. ‘हे लोक हात का जोडतात?’ हे विचारायचं.

इतक्या लहान पोरांना काय कळणार, म्हणाल. याच तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आधी बोर्डीत, मग कोसबाडच्या टेकडीवर पानं-बिया घेऊन मुलांना शिकवलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. अंगणातली बी वर्गात चालते, तर अंगणातली गोष्ट का नको?

खर्च काहीच नाही. एक दिवस वर्गात धवलेरी आजीला बोलवा, दुसऱ्या दिवशी चर्चला जाणाऱ्या मुलाला नाताळ कसा होतो ते सांगू द्या. गुरुजी बाहेरगावचे असतील, त्यांना हे माहीत नसेल. मग गुरुजींनीही पोरांच्या शेजारी बसून ऐकावं. अवघड आहे ते एवढंच.

तुमच्यातले काहीजण उद्या शिक्षक होतील. काहीजण एनएसएसच्या कॅम्पला अशाच गावात जातील. तिथे शाळेच्या भिंतीवर वारली रंगवून, सेल्फी काढून परत येऊ नका. आधी पोरांना विचारा, “तुमच्या घरी कोण देव?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा.