ग्रीसगनची पारख

ट्रॅक्टर व रोटाव्हेटर यांवर लक्षावधी रुपये वेचणारा शेतकरी ग्रीसगन घेताना मात्र दुकानातील सर्वांत स्वस्त नग उचलतो, हे आश्चर्यच होय. ही काटकसर नव्हे. अशा गनच्या तोंडाची पकड बहुधा ढिली असते. दांडा दाबला की ग्रीस निपलच्या बाहेर ओघळते आणि बेअरिंग कोरडेच राहते. पाहणाऱ्यास वंगण झाले असे वाटते! पुढे ऐन मशागतीच्या दिवसांत बेअरिंग जाम होऊन यंत्र उभे राहते.

म्हणून प्रथम तोंड पाहावे. आतील जबड्यांनी निपल घट्ट धरले पाहिजे. दुकानातच एखाद्या निपलवर बसवून ओढून पाहण्यास संकोच कसला? त्यानंतर नळी. पीटीओ शाफ्टच्या क्रॉसचे निपल अडचणीच्या जागी असते. तेथे ताठ लोखंडी नळी पोहोचत नाही, लवचिक नळीच हवी. पिस्तुलासारखी एकहाती गन सुटसुटीत खरी. तथापि वाळलेल्या ग्रीसने चोंदलेले निपल मोकळे करण्यास लांब दांड्याचीच बरी, कारण तिचा दाब अधिक. (याच दाबाने सील फाटतेही.) 400 ते 500 ग्रॅम ग्रीस मावले म्हणजे पुरे.

नवी भरलेली गन चालेना, तर ती सदोष ठरविण्यापूर्वी आत कोंडलेली हवा काढावी. डोक्याचा आटा किंचित सैल करून दांडा दोन-चार वेळा दाबावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात निपल प्रथम फडक्याने पुसून दाखवावे. न पुसल्यास माती ग्रीसबरोबरच आत जाते.