6174 आणि गुणपत्रिकेवरचा शेरा

गेल्या रविवारी यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात, विहारातली वंदना आटोपल्यावर आम्ही मुलांपुढे फळा मांडला. आठवी-नववीची पोरे. गणिताचे नाव काढताच निम्मी मागे सरकली. आम्ही वकील माणूस, शिकवणे हा आमचा पेशा नव्हे. एवढेच म्हटले, चार आकडी कोणतीही संख्या सांगा, फक्त चारही आकडे सारखे नकोत. एका मुलीने 1956 सांगितली. का, ते विचारण्याची गरज नव्हती.

आकडे उतरत्या क्रमाने लावले, 9651. चढत्या क्रमाने, 1569. वजाबाकी 8082. पुन्हा तसेच, 8820 वजा 0288, उत्तर 8532. पुन्हा, 8532 वजा 2358, उत्तर 6174. आता 7641 मधून 1467 वजा करा, पुन्हा 6174च! दुसऱ्याने महाडच्या सत्याग्रहाचे 1927 घेतले. त्याला सात वजाबाक्या लागल्या, पण तोही तिथेच पोचला. सातपेक्षा जास्त कोणालाच लागत नाहीत.

एका पोराने विचारले, "सर, हा आकडा शुभ असते का जी?"

आम्हाला हाच प्रश्न हवा होता. शुभ-अशुभ काही नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यातला फरक आणि मधल्या दोघांतला फरक. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच पायरीवर अवघ्या 54 उत्तरांत येतात. ती 54 तपासली की चमत्कार संपला, कारण उरले. अशा गमतींना मंत्राचा साज चढवून विकणारे कमी नाहीत. 1965 साली निघालेल्या 'वैदिक गणित' या पुस्तकातील सूत्रे ज्ञात वैदिक ग्रंथांत सापडत नाहीत. हिशेबाच्या युक्त्या जरूर शिकाव्यात, पण 'असे का?' हा प्रश्न गहाण ठेवून नव्हे.

6174 चे हे वैशिष्ट्य शोधले ते देवळालीच्या एका शाळामास्तराने. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, 1905 चा. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. जगभर नाव झाले ते 1975 साली, अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिल्यानंतर. डोंबिवलीच्या जुन्या नावावरून त्यांनी 'डेम्लो संख्या' असे एका संख्याप्रकाराचे बारसेही केले!

आता मुद्द्यावर येऊ. 2024 साली राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद पुढे आली. दहावीला गणित-विज्ञानात 35 पेक्षा कमी, पण 20 वा अधिक गुण मिळाले तर मुलाला पुढे जाऊ द्यावे. मात्र पुढे गणित-विज्ञान घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा. नापासाचा शिक्का टळतो, याचे आम्ही स्वागत करतो. पण पंधराव्या वर्षी मारलेला असा शेरा म्हणजे अपील नसलेला निकाल. तो कोणाच्या गुणपत्रिकेवर पडेल? ज्याला शिकवणी परवडते त्याच्या नव्हे. ज्याच्या शाळेत गणिताला शिक्षकच नाही, ज्याची आई मजुरीला जाते, त्याच्या. इंजिनियर-डॉक्टर होण्याची वाट तिथेच बंद! शेरा मारायचाच तर आधी तो शाळेवर मारा.

तोवर हात बांधून बसता येणार नाही. प्रत्येक विहारात फळा-खडू हवा आणि कॉलेजातल्या आपल्या मुलामुलींनी रविवारचा एक तास द्यावा. लोहाऱ्याची पोरे येत्या रविवारी तीन आकडी संख्या घेणार आहेत. ती कुठे जाऊन थांबते, ते आम्ही सांगितलेले नाही.