अर्धशिशी आणि विजयाची बाटली

भांगेच्या झाडातले सीबीडी हे द्रव्य असलेल्या तेलाची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात अर्धशिशीचा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. उपाशीपोटी पकडलेली लोकल, डोळ्यांवर येणारे ऊन, डोंबिवली एमआयडीसीकडून येणारा रसायनांचा दर्प, रात्री अकराला जेवण आणि पहाटेचा गजर. डोके उठायला यातले एकही पुरते. बंगळुरू परिसरातल्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरात दर चार प्रौढांमागे एकाला अर्धशिशी आढळली होती, आणि बायकांत तिचे प्रमाण सगळीकडेच जास्त. अशा बाईला घरात ‘हिचं नेहमीचंच’ ऐकावे लागते. सूर्योदयाआधीची दूध-जिलबी झालेली असते, सुंठीचा लेप झालेला असतो, वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडलेले असते. मग कोणीतरी सांगते : भांगेच्या झाडाचे तेल घे, जिभेखाली चार थेंब. नशा येत नाही, नैसर्गिक आहे, आयुर्वेदात आहे, अमेरिकेत तर डॉक्टर देतात. तिने बाटली मागवली म्हणून तिला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझे भांडण तिच्या गळी उतरवलेल्या या युक्तिवादाशी आहे.

अमेरिकेत डॉक्टर देतात, हे खरे. २०१८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने शुद्ध सीबीडीच्या एपिडिओलेक्स या औषधाला मान्यता दिली. पण कशासाठी? लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्राव्हे या लहानपणी सुरू होणाऱ्या दुर्मीळ अपस्मारांसाठी. अर्धशिशीचे नाव त्या मान्यतेत नाही. शिवाय त्या औषधाची नेहमीची मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक. हा हिशेब साठ किलोच्या माणसाला लावला तर रोजचे ६०० मिलिग्रॅम होतात. हजार मिलिग्रॅमची बाटली दोन दिवसही पुरायची नाही. चार थेंबांत त्यातले किती जाते, हे घेणाऱ्याने स्वतःच मोजावे. अर्धशिशीसाठी किती घ्यायचे, हे तर अजून कोणी ठरवलेलेच नाही.

खास अर्धशिशीवरची चाचणी हवी असेल तर तीही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी ९२ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये समोर आले. रुग्णांना चार प्रकारची वाफ दिली : नशा आणणारे टीएचसी, नुसते सीबीडी, दोन्हींचे मिश्रण आणि औषध नसलेली खोटी वाफ. दोन तासांनी वेदना कमी करण्यात मिश्रण खोट्या वाफेपेक्षा सरस ठरले. नुसते सीबीडी ठरले नाही. म्हणजे ‘नशा नाही, फक्त आराम’ अशी ज्याची जाहिरात होते, नेमके तेच कमी पडले. खोट्या वाफेनेही निम्म्याच्या आसपास झटक्यांत आराम पडला होता, हा आकडा ‘मला तरी फरक पडला’ म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावा. त्याचा अनुभव खोटा नसतो. पण झटका आपणहूनही ओसरतो आणि त्याचे श्रेय हातात असलेल्या बाटलीला मिळते.

आयुर्वेदाचा हवाला तर फारच सैल हाताने दिला जातो. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात अर्धावभेदकाचे, म्हणजे अर्धशिशीचे, वर्णन आहे आणि उपचारात नस्याला, म्हणजे नाकावाटे दिलेल्या औषधाला, मोठे स्थान आहे. विजया म्हणजे भांग पुढे भावप्रकाशासारख्या ग्रंथांत येते, हे मान्य. पण ती सगळी वनस्पती, टीएचसीसकट. सीबीडी वेगळे काढले गेले ते १९४० मध्ये, अमेरिकेत. आणि आपल्या औषध नियमांत भांग अनुसूची ई(१) मध्ये, म्हणजे आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, धोत्रा आणि बचनागाच्या शेजारी बसते. वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना अशा औषधावर छापावी लागते. परंपरा सांगायची तर ही सावधगिरीही तिच्याबरोबर सांगा.

‘नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी’ हे सगळ्यांत घातक वाक्य. अर्धशिशी वारंवार येणाऱ्या अनेकांना प्रतिबंधक म्हणून व्हॅल्प्रोएट दिलेले असते. सीबीडी आणि व्हॅल्प्रोएट एकत्र घेतल्यास यकृताच्या विकरांची पातळी वाढण्याचा धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही सीबीडीने वाढू शकतो. गुंगी हा तर नोंदलेला दुष्परिणाम. मुंब्र्याजवळ ९ जून २०२५ रोजी लोकलच्या दारातले प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, तो मार्ग आपला रोजचा आहे. दारात लटकणाऱ्याला गुंगी परवडत नाही.

बाटलीत काय आहे, हा वेगळाच घोळ. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा लेबल बरोबर निघाले जेमतेम ३१ टक्क्यांचे. १८ नमुन्यांत टीएचसी सापडले. आपल्याकडे हेम्प सीड ऑइल, म्हणजे भांगेच्या बियांचे तेल, खाद्यपदार्थ म्हणून मिळते. त्यात एका किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सीबीडी असता कामा नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२१ चा नियम आहे. तीस मिलिलिटरच्या बाटलीत फार तर दोन मिलिग्रॅम. चटणीवर घालायला उत्तम तेल! अर्धशिशीशी त्याचा संबंध नाही.

आता दुसऱ्या टोकाचे गृहस्थ. ‘गांजाच तो, बंदी घाला’ म्हणून मोकळे होणारे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने राळ आणि फुलोरा धरला. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या. म्हणून पानांपासूनची विजया औषधे आयुष परवान्यावर, वैद्याच्या चिठ्ठीवर विकली जातात. (महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा भांगेवरही नियंत्रण ठेवतो, हे वेगळे.) परदेशातल्या भाच्याने बॅगेतून आणलेली बाटली मात्र या चौकटीत बसत नाही. पण बंदीने ज्ञान वाढत नाही. कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसीने १८३९ मध्ये भांगेचे प्रयोग लिहून काढले, त्यानंतर ही वनस्पती युरोपच्या औषधपेटीत शिरली. जिथून सुरुवात झाली तिथेच अर्धशिशीवरची मोठी, चोख चाचणी का होऊ नये? जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत या वनस्पतीवर काम चालू आहेच.

तोवर काय करायचे? जे सिद्ध आहे ते नीट करायचे. झटका सुरू होताच घेतलेले नॅप्रोक्सेन किंवा ट्रिप्टान (हृदयविकार वा पक्षाघात झालेल्यांना ट्रिप्टान वर्ज्य), वारंवार येत असेल तर प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा फ्लुनारिझिनसारखे प्रतिबंधक, आणि झटक्यांची तारीखवार नोंद. ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामक महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, साधे वेदनाशामक पंधरा किंवा अधिक दिवस असे महिनोन्‌महिने चालले, तर गोळीच डोकेदुखी वाढवते. ही गाठ कोणतेही तेल सोडवत नाही. अचानक उठलेली, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी किंवा सोबत हातापायातली कमजोरी असेल तर तडक रुग्णालय गाठावे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकांना एक मागणी : कळव्याच्या शिवाजी महाराज रुग्णालयात, कल्याणच्या रुक्मिणीबाईत, डोंबिवलीच्या शास्त्रीनगरमध्ये आठवड्यातून एक दुपार डोकेदुखीच्या रुग्णांसाठी राखून ठेवा. आणि ज्यांच्या कपाटात ती बाटली आधीच आली आहे त्यांनी ती लपवू नये. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांसह ती पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी.