‘लँड सीडिंग : नो’ म्हणजे पेरणी झाली नाही असं नव्हे! पीएम किसानच्या स्टेटसमधले शब्द समजून घ्या

सेलू तालुक्यातल्या माझ्या काकांचा गेल्या हंगामात फोन आला. पीएम किसानचा हप्ता थांबला होता आणि सेवा केंद्रातल्या पोरानं मोबाईलवर ‘लँड सीडिंग : नो’ असं दाखवलं होतं. ‘सीडिंग म्हणजे बी लावणं ना? आरं, सोयाबीन कवाच पेरलं. ह्यांला कुणी सांगितलं नाही का?’ काकांचा सवाल.

मी हसलो खरा. पण काका फार चुकले नव्हते. संगणकाच्या भाषेत एखाद्या यादीत सुरुवातीची माहिती भरण्याला ‘सीडिंग’ म्हणतात आणि तो शब्द बी पेरण्यावरूनच आला. अडचण एवढीच, की परभणीत जूनमध्ये हा शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तिफणच येणार.

आता अर्थ. ‘लँड सीडिंग’ म्हणजे तुमच्या नावावरच्या जमिनीची नोंद योजनेच्या यादीतल्या तुमच्या नावाशी जोडणं. तिथं ‘नो’ असेल तर हप्ता थांबतो. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, ही योजना २०१९ पासून सुरू आहे. राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे आणखी ६,००० याच यादीवर अवलंबून असल्यानं एका ‘नो’नं दोन्हीकडचे पैसे अडकतात. अशा वेळी बँकेत रांग लावून उपयोग नाही. सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जायचं.

बँकेत जायचं ते दुसऱ्या सीडिंगसाठी, म्हणजे ‘आधार सीडिंग’साठी. सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. ‘माझं आधार खात्याला लिंक आहे’ असं आपण म्हणतो, बँकवालेही मान डोलावतात. पण लिंक आणि सीडिंग एक नाही. खातं उघडताना ओळखीसाठी आधार दिलं आणि बँकेनं ते नोंदवलं, हे झालं लिंक. सरकारी पैसा आधार क्रमांकावरून येतो तेव्हा तो कोणत्या बँकेत टाकायचा, याची एक देशभराची यादी असते. ती राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, सांभाळतं. त्या यादीत तुमच्या आधारपुढे बँकेचं नाव लागणं म्हणजे सीडिंग.

या यादीत एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. शेवटी जिथं सीडिंग केलं ती. त्यामुळं मोबाईल दुकानात सहज उघडलेल्या नव्या खात्याला सीडिंगची संमती दिली असेल तर पैसे तिकडे जातात आणि आपण जुनं पासबुक भरून घेत बसतो. सध्या कोणती बँक लागली आहे ते ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. बँक बदलायची तर हव्या त्या शाखेत संमतीचा अर्ज द्यावा लागतो.

स्टेटसमध्ये पुढं ‘आरएफटी साइन्ड’ दिसलं तर राज्य सरकारनं तुमचं नाव तपासून ‘यांना पैसे पाठवा’ असं केंद्राला कळवलं. ‘एफटीओ जनरेटेड’ म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश निघाला. लक्षात घ्या, आदेश निघाला. पैसे आले असं नाही. कारखान्यानं उसाच्या बिलाची यादी बँकेला धाडली, पण बिल अजून जमा व्हायचंय, तसं. मी चार वर्षं अभियांत्रिकी शिकलो, तरी ही दोन आद्याक्षरं मलाही शोधूनच कळली. शेतकऱ्यानं ती पाठ करावीत अशी अपेक्षा का ठेवायची?

पैसे जमा होऊनही निघत नसतील तर ‘होल्ड’ किंवा ‘लीन’ हे शब्द कानावर येतात. मराठीतलं लीन म्हणजे नम्र. हे बँकेतलं लीन तसं अजिबात नाही. तेवढ्या रकमेवर बँकेनं हक्क सांगून ती अडवून ठेवलेली असते. शिल्लक दिसते, काढता येत नाही. थकीत पीककर्ज किंवा एखाद्या सायबर तक्रारीत खातं आलेलं असणं, अशी कारणं असू शकतात. कारण तोंडी नको, लेखी मागा.

एक शब्द मात्र दिसताच मागं फिरायचं : ‘एपीके’. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं आलेल्या फाईलच्या शेवटी ही अक्षरं असतील तर ते ॲप आहे आणि उघडलं तर मोबाईलचा ताबा चोराकडे जाऊ शकतो. हप्त्यासाठी अशी फाईल लागत नाही. विचारपूस करायची तर १५५२६१ हा योजनेचा क्रमांक आहे. ‘किसान ई-मित्र’वर मराठीतही प्रश्न विचारता येतो.

काकांच्या जमिनीचा गट क्रमांक यादीत चुकला होता. तो दुरुस्त झाला, ‘नो’चं ‘येस’ झालं. आता दर चार-आठ दिवसांनी त्यांचा फोन येतो, ‘एफटीओ निघाला का रे?’